कुत्र्यापुढे टाकलेला घास

युरोपच्या वायव्येस, उत्तर अटलांटिक महासागरात आइसलंड नावाचे एक बेट आहे. ज्वालामुखी आणि हिमनद्या एकाच भूमीवर नांदणारा हा देश आज सुखवस्तू गणला जातो. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील लोक अतिशय कष्टाचे जीवन जगत होते. लोकवस्ती साठ-सत्तर हजारांच्या घरात. म्हणजे आपल्याकडील आजच्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी. थंडीमुळे धान्य जवळजवळ पिकत नसे. पोटाला आधार दोनच: समुद्रातील मासा आणि डोंगरावरची मेंढी. मेंढीचे दूध, मेंढीचे मांस, मेंढीची लोकर आणि मेंढीचे कातडे यांवर घरे चालत. उन्हाळाभर कळप डोंगरावर मोकळे चरत, आणि सप्टेंबर महिना आला की गावोगावचे शेतकरी घोडी व कुत्री घेऊन त्यांना खाली हाकून आणीत. मग हिवाळ्याच्या बेगमीसाठी घरोघर अंगणातच मेंढ्या कापल्या जात.

या साऱ्या खटाटोपात कुत्र्याचा वाटा मोठा होता. धुक्यात आणि कड्याकपारीत विखुरलेला कळप गोळा करणे माणसाला एकट्याने साधण्यासारखे नव्हते. त्या चाकरीचे वेतन त्याला कापाकापीच्या दिवशी मिळे. मेंढीचे पोट चिरल्यावर यकृतावर किंवा फुफ्फुसावर कधी कधी पाण्याने भरलेली फिकट पांढरी गाठ दिसे. तो भाग माणसाने खाण्याजोगा नसे. तेव्हा तो कुत्र्यापुढे टाकणे हीच काटकसर आणि हीच भूतदया. पिढ्यान् पिढ्या हे असेच चालले होते. या एका घासातून घराघरांत रोग शिरतो आहे, अशी शंकाही कोणास येण्याचे कारण नव्हते. ते कळले कसे, आणि कळल्यावर लोकांनी काय केले, ही हकीकत जनावरांकडून माणसांकडे येणाऱ्या कृमिरोगांच्या इतिहासात मोठ्या मोलाची आहे.

आइसलंडमधील लोक या दुखण्याला नुसता ‘यकृताचा आजार’ म्हणत. चांगला धडधाकट माणूस. पण हळूहळू त्याच्या उजव्या कुशीत जडपणा येई, पोट फुगे, बरगड्यांखाली हाताला गाठ लागे. ती वर्षानुवर्षे वाढत राही. पुढे पुढे माणसाला धाप लागे, काम होईनासे होई. कधी गाठ पोटात फुटे आणि रोगी काही वेळातच दगावे. तर कधी फुटलेल्या एका गाठीच्या जागी अनेक नव्या गाठी उद्भवत. त्या काळी आइसलंड डेन्मार्कच्या राज्यात होते. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताची चौकशी करण्यासाठी १८४७ साली डॅनिश सरकारने श्लायस्नर नावाच्या वैद्याला तेथे पाठवले होते. देशभर हिंडताना त्याच्या नजरेस हा यकृताचा आजार जागोजाग पडला. दर सहा-सात माणसांमागे एकास तो असावा, असा त्याने अंदाज बांधला. हा अंदाज फुगलेला होता, हे पुढे दिसून आले. अकुरेरी या उत्तरेकडील गावी अनेक वर्षे सरकारी वैद्य असलेल्या योन फिन्सेन याने आपल्या रोग्यांच्या नोंदींवरून जो हिशेब मांडला, त्यावरून हे प्रमाण चाळीस-पन्नास माणसांमागे एक एवढे ठरले. पण हा उणा आकडासुद्धा काही लहान नव्हे. अवघ्या युरोपात या रोगाने इतके ग्रासलेला दुसरा देश त्या काळी ठाऊक नव्हता.

पाण्याने भरलेल्या या गाठी वैद्यकाला अपरिचित होत्या असे नाही. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या परंपरेतील ग्रंथांत पाण्याने भरलेल्या यकृताचा निर्देश आहे. पण ही गाठ म्हणजे काय, हे कोडे दोन हजार वर्षे सुटले नव्हते. कोणी तिला शरीरातील दूषित रसांचा साका म्हणत, कोणी फुगलेली ग्रंथी समजत. १७८२ साली गोत्से नावाच्या एका जर्मन पाद्र्याने, ज्याला सूक्ष्मदर्शकाचा मोठा नाद होता, अशा गाठीतील पाणी भिंगाखाली पाहिले. त्या पाण्यात वाळूच्या कणांसारखे जे बारीक कण होते, त्यांना आकड्या आणि चूषके असलेली इवलीशी डोकी आहेत, असे त्यास आढळले. ही डोकी आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीच्या डोक्याशी हुबेहूब जुळत होती. गाठ हा जिवंत प्राणी आहे, एवढे त्यावरून निश्चित झाले. पण आतड्यातील लांब, चपट्या कृमीचा आणि यकृतातील या पाणीदार पिशवीचा संबंध काय, हा प्रश्न तसाच राहिला. शरीरात कृमी आपोआप उपजतात, असे मानणारे पंडित त्या काळीही पुष्कळ होते.

या प्रश्नाचा निकाल १८५० नंतरच्या तीन-चार वर्षांत लागला. जर्मनीतील क्युखेनमायस्टर या वैद्याने सशाच्या पोटातील कृमिपुटी खाऊ घालून मांसाहारी प्राण्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढवून दाखवले. पाठोपाठ फोन झीबोल्ड या प्राणिशास्त्रज्ञाने मेंढीच्या गाठींतील कण कुत्र्यांना खाऊ घातले. काही आठवड्यांनी ती कुत्री मारून पाहिली, तेव्हा त्यांच्या आतड्यात बारीक पांढरे कृमी चिकटलेले सापडले. जे दोन वेगळे प्राणी समजले जात होते, ते एकाच प्राण्याच्या आयुष्यातील दोन अवस्था निघाल्या. एक अवस्था मेंढीत काढायची आणि दुसरी कुत्र्यात, असा या जीवाचा नेम होता.

या कृमीचे जीवनचक्र समजून घेतल्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म कळणार नाही. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा पट्टकृमी अगदी लहान, फार तर सहा-सात मिलिमीटर लांबीचा असतो. त्याच्या शरीराचे तीन-चारच खंड असतात. एका कुत्र्याच्या पोटात असे हजारो कृमी सुखाने राहतात आणि कुत्र्याला त्याचा विशेष उपद्रव जाणवतही नाही. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि गवताला, पाण्याला, कुत्र्याच्या स्वतःच्या केसांना चिकटून राहतात. गार, ओलसर हवेत ती पुष्कळ महिने जिवंत राहू शकतात. चरणाऱ्या मेंढीच्या पोटात अंडे गेले की त्यातून भ्रूण बाहेर येतो, आतड्याची भिंत भेदतो आणि रक्ताबरोबर यकृतात किंवा फुफ्फुसात जाऊन वसतो. तेथे त्याची पाण्याने भरलेली पिशवी, म्हणजे जलकोष, बनते. जलकोषाच्या आतल्या पडद्यापासून नव्या कृमींची असंख्य डोकी निपजतात. अशी मेंढी कापून तिचे यकृत कुत्र्याने खाल्ले की प्रत्येक डोक्याचा एकेक कृमी होतो, सहा-सात आठवड्यांत तो अंडी घालू लागतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते.

या चक्रात माणसाला मुळात स्थानच नाही. तो चुकून शिरलेला वाटसरू होय. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवणारे मूल तोच हात तोंडात घालते; कुत्र्याने चाटलेले ताट नीट न धुता पुन्हा वाढायला घेतले जाते; अंडे पोटात जाते आणि मेंढीच्या शरीरात जे घडते तेच माणसाच्या शरीरात घडू लागते. मात्र माणसाचे यकृत कुत्र्याच्या तोंडी पडत नाही. त्यामुळे कृमीचा प्रवास तेथेच खुंटतो. जलकोष अतिशय सावकाश वाढतो. लहानपणी शिरलेला रोग बहुधा तारुण्यात किंवा उतारवयात प्रकट होतो. म्हणूनच कारण आणि कार्य यांची सांगड घालणे लोकांना अशक्य होते. वीस वर्षांपूर्वी अंगणात कुरवाळलेले कुत्रे आजच्या दुखण्याचे मूळ आहे, असे कोणाच्या मनात येणार? आणखीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाठ असलेले मांस खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. त्या मांसापासून धोका कुत्र्याला, आणि कुत्र्यापासून माणसाला, असा हा आडवळणाचा मार्ग आहे. डोळ्यांना दिसणारी ओंगळ गाठ निरुपद्रवी आणि न दिसणारे अंडे घातक, हा सारा प्रकार सामान्य समजुतीच्या नेमका उलट होता.

आइसलंडमधील यकृताचा आजार म्हणजे हाच जलकोषांचा रोग असावा, हे कोपनहेगनमधील प्राध्यापक एश्रिख्त यांनी ओळखले. पण तर्काला पुराव्याची जोड हवी होती. ती मिळवण्यासाठी १८६३ च्या उन्हाळ्यात हाराल्ड क्राब्बे हा तरुण संशोधक आइसलंडला गेला. तो कोपनहेगनच्या पशुवैद्यक विद्यालयात काम करीत असे आणि त्या वेळी त्याचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्याने तेथे शंभर कुत्री चिरून त्यांची आतडी तपासली. शंभरांपैकी अठ्ठावीस कुत्र्यांत जलकोषाचे कृमी निघाले. डेन्मार्कमधील कुत्र्यांत हा कृमी क्वचितच सापडे. आइसलंडमध्ये तो सुमारे दर चौथ्या कुत्र्याच्या पोटात होता. माणसांतील रोगाचे कोडे या आकड्याने उलगडले.

एक दुवा मात्र उरला होता. मेंढीच्या जलकोषापासून कुत्र्यात कृमी होतात, हे झीबोल्डने दाखवले होते. पण माणसाच्या शरीरातील जलकोष त्याच जातीचा आहे कशावरून? क्राब्बे आणि योन फिन्सेन यांनी मिळून रोग्याच्या शरीरातून निघालेले जलकोषातील कण कुत्र्यांना खाऊ घातले आणि त्यांपासून कृमी वाढवून दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये नाउनिन या वैद्यानेही स्वतंत्रपणे हाच प्रयोग यशस्वी केला. अशा रीतीने १८६३ साली साखळीचा शेवटचा दुवा जुळला.

पुष्कळ शोधांचा इतिहास येथेच संपतो. संशोधक आपला प्रबंध प्रसिद्ध करतो, विद्वान त्याची वाहवा करतात आणि ज्यांच्या घरी रोग आहे ते पूर्वीप्रमाणेच राहतात. क्राब्बेचे मोठेपण हे की, तो तेथे थांबला नाही. पंडितांसाठी त्याने आपला ग्रंथ लिहिलाच. पण त्याआधी शेतकऱ्यांसाठी एक लहानशी पुस्तिका तयार केली. ती आइसलंडच्या भाषेत १८६४ साली छापली गेली आणि देशभर घरोघर फुकट वाटण्यात आली. तीत औषधाचा बडेजाव नव्हता. बहुतेक जलकोषांवर त्या काळी भरवशाचे औषधच नव्हते. रोग कोठून येतो हे तीत सोप्या शब्दांत सांगितले होते आणि त्यावरून निघणारे नियम दिले होते. मेंढीच्या शरीरातील गाठी जाळून टाका किंवा कुत्र्याला उकरता येणार नाहीत इतक्या खोल पुरा. गरजेपेक्षा अधिक कुत्री बाळगू नका. कुत्र्याला माणसांची भांडी चाटू देऊ नका, अंथरुणात घेऊ नका. त्याच्या पोटातील जंत औषध देऊन पाडा. यांतला एकही नियम असा नव्हता की तो पाळण्यासाठी श्रीमंती लागावी.

ही पुस्तिका ज्या घरांत गेली, ती घरेही लक्षात घेतली पाहिजेत. आइसलंड गरीब होते, पण निरक्षर नव्हते. लांबलचक हिवाळी रात्री घरातील सारी माणसे एका दालनात जमत. हातांनी लोकर पिंजणे, सूत कातणे, विणणे चाललेले असे आणि एक जण सर्वांसाठी मोठ्याने ग्रंथ वाची. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावण्याची जी चाल होती, तिच्याशी ही रीत जुळती होती. छापील शब्दाला तेथे घरात मान होता. ज्या समाजाला वाचण्याची आणि ऐकण्याची सवय आहे, त्याच्यापुढे रोगाचे कारण मांडले तर तो नुसता हुकूम मानणारा राहत नाही; तो समजून वागू लागतो. पुढील काळात या मोहिमेचा अभ्यास करणाऱ्यांनी यशाचे मोठे श्रेय याच गोष्टीला दिले आहे.

पुस्तिकेच्या मागोमाग कायदा आला. १८६९ साली कुत्र्यांच्या संख्येला आळा घालणारे आणि गाठी नष्ट करण्याची सक्ती करणारे पहिले नियम झाले. १८७४ साली आइसलंडच्या लोकसभेला, म्हणजे आल्थिंगला, कायदे करण्याचा अधिकार मिळाला. आणि तिने १८९० साली अधिक कडक कायदा संमत केला. कुत्र्यांवर कर बसला आणि दरवर्षी त्यांना जंताचे औषध देणे बंधनकारक झाले. परक्या राजधानीतून आलेला नियम आणि आपल्या प्रतिनिधींनी केलेला नियम यांत जो फरक असतो, तो येथेही दिसला असला पाहिजे. पुढे १९२४ साली रेक्याविक या राजधानीच्या शहरात कुत्रे पाळण्यासच बंदी झाली, आणि ती पुरी साठ वर्षे, १९८४ पर्यंत, मुळात होती तशी टिकली.

तरीही फळ दिसायला फार काळ लागला. आज कुत्र्याला घास टाकणे थांबवले, तरी ज्यांच्या शरीरात गाठ आधीच शिरली आहे त्यांची गाठ वाढतच राहणार. पुस्तिका निघाल्यानंतर पन्नास वर्षांनीही आइसलंडमधील शस्त्रवैद्य जलकोषांच्या शस्त्रक्रिया करीतच होते. त्यांपैकी गुडमुंदुर माग्नुसॉन यांनी तर अशा दोनशेहून अधिक रोग्यांवर केलेल्या शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. वरवर पाहणाऱ्याला वाटले असते की मोहीम फसली. प्रत्यक्षात शस्त्रवैद्याच्या मेजावर येणारे रोगी जुन्या काळाचे होते. नवी पिढी निरोगी वाढत होती. विसाव्या शतकात निएल्स दुंगाल या रोगशास्त्रज्ञाने शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे स्पष्ट झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे जन्मलेल्या वृद्धांच्या शरीरांत जलकोष वारंवार आढळत. १८९० नंतर जन्मलेल्यांच्या शरीरांत मात्र ते क्वचितच सापडले. जन्माचे वर्ष पाहून रोगाची ओहोटी मोजता आली. मेंढ्यांतील शेवटचे रोगी १९७९ च्या सुमारास आढळले आणि त्यानंतर आइसलंड या रोगापासून मुक्त मानले जाऊ लागले. क्राब्बेच्या उन्हाळ्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

इतिहासकाराने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सारे यश एका पुस्तिकेच्या पदरात घालणे न्याय्य होणार नाही. याच काळात आइसलंडची शेतीही बदलत होती. पूर्वी मेंढे पुष्कळ वर्षे पाळून मग कापीत; पुढे पहिल्या वर्षाचीच कोकरे कापून त्यांचे मांस परदेशी विकण्याची पद्धत रुळली. कोवळ्या कोकराच्या शरीरात जलकोष पक्व झालेला नसतो, त्यामुळे ते यकृत कुत्र्याने खाल्ले तरी कृमी होत नाही. शिवाय अंगणातील कापणी बंद होऊन सामायिक कत्तलखाने निघाले, आणि तेथे कुत्र्यांचा शिरकाव राहिला नाही. व्यापाराने नकळत आरोग्याचे काम केले. पण ज्ञान आधी घरोघर पोचले होते म्हणूनच या बदलांचा पुरता लाभ मिळाला, असेही म्हणता येईल.

ज्ञान असूनही काम किती लांबू शकते, याचा दाखला दुसऱ्या एका मेंढपाळ देशात मिळतो. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या आणि कुत्री ही दोन्ही गोऱ्या वसाहतवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर आणली, आणि त्यांबरोबर हा कृमीही आला. रोगाचे कारण तोवर युरोपात पुरते ठाऊक झाले होते. न्यूझीलंडला ते नव्याने शोधावयाचे नव्हते. तरीही रोग फैलावला. ड्यूनेडिन येथील शस्त्रवैद्य सर लुई बार्नेट यांनी आयुष्यातील अनेक वर्षे या रोगाविरुद्ध प्रचार करण्यात घालवली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील रोग्यांची नोंदवही ठेवण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. पत्रके निघाली, भाषणे झाली, कुत्र्यांसाठी औषधेही उपलब्ध झाली. पण औषध देणे मालकाच्या मर्जीवर सोपवलेले होते. कोणी देई, कोणी कपाटात ठेवी. कळप मोठे, शेते दूरदूर, आणि कुत्र्यांना कच्चे मांस घालण्याची सवय जुनी. बार्नेट १९४६ साली निवर्तले, तेव्हा रोग जागच्या जागी होता.

१९५९ साली न्यूझीलंडने या रोगासाठी स्वतंत्र कायदा केला आणि राष्ट्रीय पातळीवर एक मंडळ नेमले. कुत्र्याला औषध देण्याचे काम मालकाच्या लहरीवर न ठेवता नेमलेल्या सेवकांकडे गेले. ठरलेल्या दिवशी परिसरातील सारी कुत्री एका ठिकाणी आणली जात आणि त्यांना आरिकोलिन हे औषध दिले जाई. हे द्रव्य आपल्या ओळखीच्या वस्तूत असते. गोव्याच्या कुळागरांत आणि कोकणच्या वाड्यांत जी सुपारी पिकते, तिच्यातील हे मुख्य कडवट सत्त्व होय. सुपारीची पूड कुत्र्यांचे जंत पाडण्यासाठी पशुवैद्य पूर्वीपासून वापरीत आले होते. आरिकोलिनने कृमीची पकड सुटते आणि कुत्र्याला जुलाब होऊन तो बाहेर पडतो. पुढे १९७० नंतरच्या दशकात प्राझिक्वांटेल हे अधिक गुणकारी औषध निघाले आणि काम सोपे झाले. २००२ साली न्यूझीलंडने आपण या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर केले.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर याच काळात जी मोहीम झाली, तिची रीत थोडी निराळी होती. तिचा एक प्रमुख प्रवर्तक ट्रेव्हर बीअर्ड हा एका लहान गावातील वैद्य होता. आइसलंडच्या इतिहासाचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. टास्मानियात आरिकोलिन देण्याचा हेतू मुख्यतः कुत्र्याची परीक्षा करणे हा होता. फिरती पथके गावोगाव जात, कुत्र्यांना औषध देत आणि बाहेर पडलेली घाण तपासून कृमी आहेत की नाहीत हे जागेवरच सांगत. आपल्याच लाडक्या कुत्र्याच्या पोटातून निघालेले जंत मालकाने प्रत्यक्ष पाहिले की दहा भाषणांचे काम होई. ज्या शेतावरची कुत्री दोषी ठरत, त्या शेतावर निर्बंध येत. १९९६ साली टास्मानियानेही तूर्त मुक्ततेची घोषणा केली.

तिन्ही बेटांच्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. या रोगाविरुद्ध लढा रोग्याच्या खाटेपाशी जिंकता येत नाही. शस्त्रवैद्य कितीही कुशल असला, तरी तो एकेक गाठ काढतो. गाठ निर्माण होण्याचे थांबत नाही. साखळी तुटते ती मेंढीच्या यकृतापासून कुत्र्याच्या तोंडापर्यंतच्या दोन पावलांच्या अंतरात. तेथे डॉक्टर हजर नसतो. असतो तो शेतकरी, खाटीक, स्वयंपाक करणारी गृहिणी. क्राब्बेने हे ओळखले आणि म्हणून आपले ज्ञान त्यांच्या हाती दिले. न्यूझीलंडचा अनुभव त्याला पुरवणी जोडतो: नुसता उपदेश पुरेसा नसतो, त्यामागे नियम, माणसे आणि वर्षानुवर्षांचे सातत्य लागते. आणि दोन्हीकडे कुत्र्याला वैरी ठरवावे लागले नाही. त्याच्या पोटातील जंत आणि त्याच्या पुढ्यातील घास, एवढ्यांचीच काळजी घ्यावयाची होती.

हा इतिहास बेटांपुरताच मर्यादित आहे असे समजून स्वस्थ राहता येणार नाही. जगात आजही दहा लाखांहून अधिक माणसे या वर्गातील रोगांनी पीडित आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात हा रोग आहे. कत्तलखान्यांत मेंढ्या, शेळ्या आणि म्हशी यांच्या यकृतांत व फुफ्फुसांत जलकोष सापडतात. आपल्याकडील शस्त्रवैद्यांना माणसांच्या शरीरांतून अशा गाठी काढण्याचे प्रसंग येतात. देशावरचे धनगर पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कुत्री असतातच. गावच्या जत्रेत बकरे कापले जाते, शहरात खाटकाच्या दुकानामागे टाकाऊ भाग पडतात, आणि भोवती कुत्री वाट पाहत बसतात. कडक उन्हाने कृमीची अंडी मरतात, ही आपल्या हवामानाची थोडी कृपा. पण ओलसर सावलीत ती तग धरून राहतात. बेटावर कुत्री मोजता येतात, प्रत्येकाला मालक असतो. आपल्याकडे असंख्य कुत्र्यांना मालकच नाही. म्हणून आइसलंडची नक्कल येथे जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. आज मेंढ्यांना टोचण्याची लस निघाली आहे, कुत्र्यांसाठी एका मात्रेने काम करणारे औषध आहे. साधने क्राब्बेच्या काळापेक्षा कितीतरी अधिक आहेत.

पण त्यांतले सर्वांत स्वस्त साधन अजूनही तेच आहे. जनावर कापल्यावर ज्या यकृतावर, ज्या फुफ्फुसावर पाण्याची गाठ दिसेल, ते कुत्र्यापुढे न टाकता जाळावे किंवा खोल पुरावे. कुत्र्याला हात लावल्यावर जेवणापूर्वी हात धुवावे, आणि ही सवय मुलांना आधी लावावी. पाळलेल्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे. एवढ्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, परदेशी चलन लागत नाही. आइसलंडच्या अंगणात ज्या गरीब शेतकऱ्याने १८६४ नंतरच्या एका शरद ऋतूत प्रथमच गाठ असलेले यकृत हातात घेतले आणि वाट पाहत बसलेल्या आपल्या इमानी कुत्र्याकडे न फेकता खड्ड्यात पुरले, त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. त्याला त्याचे फळ दिसलेही नसेल. ते त्याच्या नातवंडांच्या निरोगी शरीरांत दिसले.